खिडकीकडची बाजू

त्या घरात कामाच्या टेबलावर डावं-उजवं म्हणायचं नाही, असा नियम होता. नियम थोरलीनं केला होता, आणि थोरलीनं केलेला नियम मोडायची त्या घरात कुणाची छाती नव्हती.

दोघी सख्ख्या जावा. लग्न होऊन आल्या तेव्हापासून एकीला सगळे थोरली म्हणत आणि दुसरीला धाकटी. आता थोरलीनं सत्तरी ओलांडली होती, धाकटीचे केसही कानांवर पांढरे झाले होते, पण हाका त्याच राहिल्या होत्या. थोरलीचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. हे काम घरात आणलं ते त्यानं. शहराबाहेर एक कंपनी होती. ती खऱ्याखुऱ्या विमानांच्या आणि जहाजांच्या छोट्या प्रतिकृती विकायची. त्या खेळायला नसत. हौशी माणसं त्या घेऊन काचेच्या कपाटात मांडून ठेवायची. विमानाचं धड दोन फाकांत घरी यायचं, पंख वेगळे, चाकं वेगळी. ते सांधायचं, घासायचं, रंगवायचं, त्यावर इवलीशी अक्षरं चिकटवायची आणि कापसात गुंडाळून परत पाठवायचं. इतकी वर्षं दोघी हेच करत आल्या होत्या. ज्यांच्यासाठी करत, त्यांतला एकही माणूस त्यांनी कधी पाहिला नव्हता. त्या त्यांना ‘कपाटवाले’ म्हणत.

“ह्या कपाटवाल्यांच्या घरी धूळ कोण पुसतं, तेवढं एकदा बघायचंय मला,” थोरली म्हणायची. “त्या बाईला भेटायचंय.”

तर डाव्या-उजव्याचा नियम. टेबलाच्या दोन बाजूंना दोघी समोरासमोर बसत, मध्ये स्टँडवर विमान. एकीचं डावं ते दुसरीचं उजवं, आणि विमानाचं स्वतःचं आणखी तिसरंच. मागे एकदा ह्या गोंधळात एका विमानाच्या दोन्ही पंखांच्या टोकांना लाल दिवा लागला आणि हिरवा हातात राहिला. चूक कुणाची, ह्यावरून दोघी तोंडं फिरवून बसल्या. एकाच टेबलावर बसून धाकटीच्या नवऱ्याकरवी निरोप चालायचे: “त्यांना म्हणावं, चिमटा द्या.” शेवटी थोरलीनं फर्मान काढलं. विमानाचं नाक कायम घड्याळाच्या भिंतीकडे. म्हणजे एक पंख खिडकीकडचा, एक दाराकडचा. विषय संपला. थोरलीला हाताखालचं काम भिंगातून दिसे, पण छापील बारीक अक्षर म्हणजे तिला मुंग्यांची रांग. त्यामुळे कंपनीचा कागद धाकटी वाचायची. कागदावर ‘डावी’ दिसलं की तिच्या तोंडून आपोआप ‘खिडकीकडची’ यायचं, ‘उजवी’ दिसलं की ‘दाराकडची’. ही सवय इतकी हाडीमासी खिळली की एकदा रस्त्यात कुणी पत्ता विचारला, तर धाकटीनं “पुढं जाऊन खिडकीकडे वळा” असं सांगितलं, आणि तो बिचारा समोरच्या इमारतीच्या खिडक्या न्याहाळत किती तरी वेळ उभा होता.

मग हिवाळ्याच्या तोंडावर धाकटीचा नवरा न्हाणीत घसरला आणि त्याचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, माणूस घरी आला. पण आतल्या खोलीचं दार अरुंद, वॉकर घेऊन आत-बाहेर करणं जमेना. म्हणून त्याची कॉट बाहेरच्या खोलीत, म्हणजे कामाच्याच खोलीत, घड्याळाखाली टाकली. टेबल ओढून समोरच्या भिंतीशी, भांड्यांच्या कपाटाजवळ नेलं. विमानाचं नाक घड्याळाकडे ठेवलं तर ते थेट त्याच्या पांघरुणावर यायचं. त्यानं हात झाडला तर मोडायची भीती. म्हणून स्टँड फिरवून नाक कपाटाकडे केलं.

“मी आता धावपट्टीच्या कडेलाच पडलोय,” तो म्हणाला. “एखादं उतरलं की मला उठवा.”

नवं विमान आलं ते त्यानंतर. खोकं उघडलं तेव्हा दोघी बघतच राहिल्या. एरवी तळहातावर मावणारी विमानं यायची. हे हातभर लांब होतं, आणि पंख त्याहून लांब, टोकाकडे निमुळते होत गेलेले.

“ह्याला बंदुका कुठायत?” थोरलीनं कापूस उचकत विचारलं.

“नाहीत, ताई.” धाकटी कागद वाचत होती. “टेहळणीचं आहे. युद्धात फार उंचावरून शत्रूच्या मुलखावर जायचं, फोटो काढायचे आणि परत यायचं. ओझं नको म्हणून बंदुका काढल्या आणि तिथंही इंधन भरलं.”

“लढायचं नव्हतं तर लढाईत गेलं कशाला?”

“बघायला,” कॉटवरून उत्तर आलं. “आपल्या नात्यात नाहीत का तसले? भांडण लागलं की यायचं, सगळं बघून घ्यायचं आणि चहा पिऊन जायचं.”

“भाऊजी, तुम्ही डोळे मिटून पडा बघू.”

काम मोठं होतं. हे विमान खालून-वरून एकाच निळ्या रंगाचं, आभाळात विरघळून जावं म्हणून. आणि गुळगुळीत. एरवी पत्र्यांचे सांधे नीट उठून दिसावेत असा कपाटवाल्यांचा आग्रह असायचा; इथं उलट. कागदावर लिहिलं होतं की मूळ विमानाचे सगळे सांधे बुजवून ते घोटून काढलं होतं, वाऱ्याला कुठं अडायला जागाच नको. म्हणजे दोघींनी प्रत्येक रेघ लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बुजवायची, सुकली की पॉलिश पेपरनं ओली घासायची, बोट फिरवून बघायचं, पुन्हा भरायची. भरायचं काम थोरलीचं, घासायचं धाकटीचं.

धाकटी दमली होती. कालची-परवाची दमणूक नव्हे ती. सकाळी झोपून उठल्यावरही अंगात असते, तसली. नवऱ्याला उठवायचं, टेकवायचं, स्वच्छ करायचं, दोन पावलं चालवायचं, पुन्हा निजवायचं, मग स्वयंपाक, मग टेबल. घासण्याचं पाणी निळसर-पांढरं होऊन मनगटावरून कोपरापर्यंत ओघळायचं. नखांत लांबी, केसांत लांबी, जेवताना दाताखाली कचकच. खांद्यातून एक सणक निघायची आणि ती मानेपर्यंत यायच्या आत ती दुसरा हात लावायची. तिला हे काम सोडायचं होतं. घर नवऱ्याच्या पेन्शनवर चाललं असतं. तसं ते चालतच होतं. पण हे थोरलीला सांगायचं कसं? थोरलीला मूल नाही, बाळ नाही, नवरा गेलेला. सकाळी चष्मा पुसून टेबलाशी बसली की तिच्या पाठीचा कणा ताठ व्हायचा. आणि एकटीला तिला काम करता येणार नव्हतं, कागद वाचणार कोण? आपण उठलो की ती उठली, हे धाकटीला पक्कं ठाऊक होतं.

तरी तिनं बरेचदा बोलायला घेतलं.

“ताई, मी काय म्हणत होते...”

“काय?”

“चहा टाकू का?”

असं व्हायचं. थोरली म्हणायची, “ह्यात एवढं म्हणण्यासारखं काय होतं? टाक.” कॉटवरचा माणूस बायकोकडं बघायचा आणि भिंतीकडं तोंड करायचा. एकदा तो हळूच म्हणाला, “मी सांगू का वहिनींना?” तर धाकटी त्याच्यावरच उसळली, “तुम्ही आधी पायावर उभे राहा.” मग दिवसभर तिला त्याचं वाईट वाटत राहिलं.

विमानात तीन कॅमेरे होते. दोन पोटाशी, सरळ खाली बघणारे. त्यांच्या खिडक्या साच्यातूनच आल्या होत्या. तिसरा वैमानिकाच्या पाठीमागं, एका कुशीतून तिरका बाहेर बघणारा. ती खिडकी मात्र हातानं कापायची होती, आणि ती एकाच कुशीला होती. असलं नाजूक काम थोरलीचंच.

“कुठली बाजू?” तिनं भिंग डोळ्याला लावून विचारलं.

धाकटीनं कागदावर पाहिलं. “खिडकीकडची, ताई.”

थोरलीनं आधी गिरमिटानं चार कोपऱ्यांत चार भोकं पाडली, मग ब्लेडनं ती जोडली, मग केसाएवढ्या कानशीनं कडा घासल्या. दोन दिवस ती त्या नखाएवढ्या चौकोनावर बसली होती. आतून काचेसारखं प्लॅस्टिक बसवताना तिनं श्वाससुद्धा दुसरीकडं तोंड करून घेतला, वाफ धरू नये म्हणून. पुढं रंग झाला. तीन हात निळ्याचे, मध्ये घासणं. रंग उजळला तेव्हा थोरली उठून लांब, दाराशी जाऊन उभी राहिली.

“धाकटे, इकडं ये. इथून बघ. सांधा दिसतोय कुठं?”

“नाही, ताई.”

“मेलं आरशासारखं झालंय.” आणि ती हसली. ती क्वचित हसायची.

राहता राहिली अक्षरं. ती शेवटी लावायची असतात. अक्षरांच्या वेगळ्या कागदावरून कापून बशीतल्या पाण्यात सोडायची, सुटली की ओल्या कुंचल्यानं अलगद विमानावर सरकवायची. दुपारची वेळ होती. थोरली डोळ्यांत औषध घालून आत पडली होती. धाकटीनं पहिलं अक्षर उचललं. कागदावरच्या चित्रात डाव्या कुशीला आधी खिडकी होती आणि तिच्या लगेच मागं हे अक्षर. तिनं अक्षर कुशीवर सरकवलं आणि खिडकीशी जुळवायला खिडकी शोधली. खिडकी नव्हती. निळं, गुळगुळीत, आरशासारखं.

तिला आधी वाटलं, कागद उलटा धरलाय. तिनं तो फिरवला. मग स्टँड फिरवला. खिडकी दुसऱ्या कुशीला होती, कडा कशा सुरेख घोटलेल्या. तिनं घड्याळाकडे पाहिलं, मग खिडकीकडे, मग भांड्यांच्या कपाटाकडे, जिथं गेले कित्येक दिवस विमानाचं नाक होतं. टेबल हललं होतं, कॉट आली होती, नाक फिरलं होतं. शब्द फिरवायचे राहिले होते. कागदावर ‘डावी’ होतं, तोंडातून नेहमीचं ‘खिडकीकडची’ आलं होतं, आणि थोरलीनं सांगितलं तसं कापलं होतं.

तिनं कुंचला बशीत ठेवला. आता अक्षर काढा, रंग खरवडा, खिडकी बुजवा, लांबी भरा, घासा, दुसरी कापा, पुन्हा घासा, पुन्हा निळा. घासायचं कुणी? तिच्या खांद्यातून ती सणक निघाली, हात जागच्या जागी असताना.

आणि मग, सणकीच्या मागोमाग, तो दुसरा विचार आला. परवा कंपनीचा तपासनीस यायचा होता. त्याला ही चूक दिसणारच. कंपनी म्हणेल, बायका म्हाताऱ्या झाल्या, पुरे आता. काम बंद होईल. आपण काही न म्हणता होईल. ‘ताई, मी काय म्हणत होते’ ह्याच्या पुढचं वाक्य कधी शोधावंच लागणार नाही.

दोष मात्र थोरलीच्या डोळ्यांवर जाईल. थोरली स्वतःही तेच मानेल. धाकटीला हे समजत नव्हतं असं नाही. समजून तिनं ते बाजूला सारलं, ताटातलं नको ते बाजूला सारतात तसं. असा विचार आपल्या मनात यावा ह्याची तिला लाज वाटली. पण ती इतकी दमली होती की लाजेलासुद्धा फार वेळ धरून ठेवता येईना.

“काय गं, थांबलीस का?” नवऱ्यानं विचारलं.

“बशीतलं पाणी गढूळ झालं.”

तिनं पाणी बदललं आणि राहिलेली अक्षरं लावली. ज्या कुशीला नको असलेली खिडकी झाली होती तिथं ती थोडी मागं सरकवून लावली, म्हणजे दाटी दिसू नये.

पुढचा दिवस वाईट गेला. थोरली येता-जाता विमानाशी थांबायची. पदराच्या टोकानं नव्हे, खास धुतलेल्या मऊ फडक्यानं ती खिडकी पुसायची. “धाकटे, खरी काच वाटते की नाही?” “हो, ताई.” “आतून कुणी बघत असेल असं वाटतं.” “हो, ताई.” “तुला काय झालंय? सकाळपासून हो ताई, हो ताई. बरं वाटत नाही का?” “बरं आहे.” थोरलीनं तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. त्या हाताला रंगाचा वास होता. धाकटीला वाटलं, आत्ता सांगावं. पण सांगायचं म्हणजे आधी कोणतं सांगायचं, खिडकीचं की स्वतःचं, हेच तिला ठरवता येईना, आणि तेवढ्यात दूध उतू गेलं.

तपासनीस सकाळी आला. गळ्यात कायम दोरीनं अडकवलेलं जाड भिंग, म्हणून घरात त्याचं नाव भिंगवाले. माणूस बारीक, सभ्य, जोडे काढताना भिंतीला हात टेकणारा. त्याची तपासायची एक रीत होती. तो विमान कधी लांबून बघत नसे. भिंग लावायचं आणि नाकापासून सुरुवात करून शेपटीपर्यंत सरकत जायचं, गालिच्यावर पडलेली सुई शोधावी तसं. रंगात अडकलेला कुंचल्याचा केस, बुडबुडा, धुळीचा कण: ह्यांतलं त्याच्या नजरेतून काही सुटत नसे.

थोरली हाताची घडी घालून उभी होती. धाकटी कॉटच्या पायथ्याशी. नवरा उशीला टेकून बसला होता. त्याला काहीच ठाऊक नव्हतं, पण तो बायकोचा चेहरा बघत होता.

भिंग नाकावरून वैमानिकाच्या काचेवर गेलं, तिथून मागं सरकलं आणि खिडकीवर थांबलं. थांबलं ते थांबलंच. धाकटीनं कॉटची कड घट्ट धरली.

“ही खिडकी,” भिंगवाले म्हणाले.

“मी कापली,” थोरली म्हणाली.

“कड बघा हो हिची! साच्यातून काढली असती तरी अशी आली नसती. कुठं ओरखडा नाही, कुठं गोंद नाही.” आणि भिंग पुढं सरकलं, अक्षरांवरून शेपटीकडं.

धाकटीच्या हातातली कॉटची कड सुटली. त्याला दिसलंच नव्हतं. त्यानं खिडकी पाहिली होती, कड पाहिली होती. कुठल्या कुशीला आहे ते पाहिलं नव्हतं. ती भिंगात येणारी गोष्टच नव्हती.

भिंगवाल्यांनी भिंग सोडलं, डोळे चोळले. “उत्तम. मला साहेबांनी सांगूनच पाठवलं होतं, चांगलं असेल तर हाच नमुना धरायचा. ह्याबरहुकूम आणखी डझनभर हवीत. तुमच्याच हातची. बाकीचे लोक सांधे बुजवायला कंटाळा करतात.”

“डझनभर?” थोरलीचा आवाज तरुण झाला.

“सवडीनं करा. घाई नाही.”

धाकटीच्या डोळ्यांपुढं डझनभर निळी विमानं उभी राहिली, सगळी एकाच चुकीच्या कुशीतून बघणारी. प्रत्येकाला बुजवायचे सांधे, घासायचं पाणी. आणि प्रत्येकाच्या खिडकीच्या वेळी थोरली विचारणार, कुठली बाजू, आणि आपण सांगणार.

“ती खिडकी चुकीच्या बाजूला आहे,” ती म्हणाली.

आवाज इतका बारीक निघाला की भिंगवाल्यांनी “अं?” केलं.

“खिडकी. डावीकडं हवी. उजवीकडं आहे.”

टेबलावर ते शब्द कित्येक वर्षांत कुणी उच्चारले नव्हते. भिंगवाल्यांनी कागद घेतला, विमानाकडं पाहिलं, कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला. मग खोलीच्या मधोमध उभं राहून त्यांनी दोन्ही हात पंखांसारखे पसरले, कपाटाकडं तोंड केलं, आणि एकदा ह्या हाताकडं, एकदा त्या हाताकडं बघितलं. थोरलीनंही नकळत एक हात वर केला होता.

“खरंच की,” भिंगवाले हात खाली घेत म्हणाले.

“मी सांगितलं म्हणून ताईंनी तिथं कापली,” धाकटी म्हणाली. “कॉट आली तेव्हा विमानाचं नाक आपण फिरवलं. मी मात्र खिडकीकडची म्हणत राहिले. ताईंच्या हाताची चूक नाही.”

थोरली विमानाकडं बघत होती. “कधी कळलं तुला?”

“अक्षरं लावताना.”

“म्हणजे परवा. परवा कळलं आणि आज सांगतेस? परक्या माणसासमोर?”

“मी परका नाही हो इतका...” भिंगवाले म्हणाले.

“तुम्ही गप्प बसा. धाकटे, मी काल दिवसभर ती खिडकी पुसत होते. तू बघत होतीस.”

“हो.”

“का?”

आता वाक्य शोधायला वेळ नव्हता, दूधही उतू जाणार नव्हतं. “मला सांगायचंच नव्हतं. वाटलं, ह्यांना दिसेल आणि कंपनी काम बंद करील. मला बंद व्हायला हवं होतं. मी दमलेय, ताई.”

 कॉटवरच्या माणसानं मान खाली घातली.

“मग तसं म्हणायचं,” थोरली म्हणाली.

“कितीदा म्हणायला घेतलं.”

“घेतलंस म्हणजे काय? तोंडात धरून ठेवलं होतंस? मला काय मनातलं कळतं?” तिचा आवाज चढला आणि मध्येच बसला. “आणि काम बंद झालं असतं तर मला काय वाटलं असतं? की माझे डोळे गेले. तेच ना? तेच मला वाटू देणार होतीस तू.”

धाकटीनं “नाही” म्हटलं नाही. म्हणता आलं असतं, पण ते खोटं झालं असतं, आणि आजच्यापुरती तरी तिला आणखी एक गोष्ट सांभाळायची नव्हती.

भिंगवाल्यांची फार कुचंबणा झाली होती. त्यांनी घसा साफ केला. “हे बघा, एक सुचवू का? कपाटात ठेवल्यावर एकच कूस दिसते. ठेवणाऱ्यानं दुसरीकडं तोंड करून ठेवलं की झालं. आपण तिघं नाही बोललो तर कुणाला कळतंय?”

“चौघं,” कॉटवरून आवाज आला.

“मला कळतंय,” थोरली म्हणाली. “ठेवा ते खाली. हे असं जायचं नाही.”

“पण डझनाचं काय सांगू साहेबांना?”

थोरलीनं चष्मा काढला, पुसला, पण घातला नाही. चष्म्याशिवाय तिचा चेहरा एकदम वयाचा दिसला. ती धाकटीकडं बघत होती. धाकटीला वाटलं, इतक्या वर्षांत तिनं आपल्याकडं असं भिंगाशिवाय कधी पाहिलंच नसेल. डोळ्यांखालचं काळं, मनगटावरची लांबी, एका बाजूला कललेला खांदा.

“डझन दुसरीकडं द्या,” थोरली म्हणाली. “हे एक मी नीट करून देते. वेळ लागेल. हे झालं की पुरे.”

“अहो, तुमच्यासारखा हात...”

“हात आहे. बाकीचं माणूस कुठून आणू?” आणि ती आत गेली.

भिंगवाल्यांनी जोडे घातले. जाताना त्यांनी धाकटीला काही तरी म्हणायचं म्हणून “काळजी घ्या” म्हटलं, आणि कुणाची ते न सांगता जिना उतरले.

धाकटी तिथंच उभी राहिली. तिला हवं होतं ते झालं होतं. हलकं वाटायला हवं होतं, तसं काही वाटत नव्हतं. नुसतं आत कुठं तरी ओढून धरलेलं सैल झालं होतं.

थोरली बाहेर आली ती पॉलिश पेपर आणि लांबीचा डबा घेऊनच. तिनं टेबल स्वतःच कॉटकडं ओढलं. धाकटी हात लावायला गेली तर “राहू दे” म्हणाली. कागद तिनं दिराच्या हातात दिला.

“वाचा.”

“मला ह्यातलं काही समजत नाही, वहिनी.”

“आणि मला दिसत नाही. दोघं मिळून एखादं माणूस होईल. वाचा.”

“मी वाचते ना,” धाकटी म्हणाली.

“तू जा. पड जरा.”

हे रागानं म्हटलं की मायेनं, ते धाकटीला कळेना. विचारून बघायचं त्राण नव्हतं. ती आतल्या खोलीत गेली आणि पलंगावर आडवी झाली. दिवसाउजेडी ती ह्या पलंगावर कधी पडली नव्हती. छताला त्या कोपऱ्यात ओल आली आहे, हे तिला आत्ता दिसलं. बाहेर अक्षरं खरवडल्याचा आवाज येत होता. नवरा एकेक शब्द चाचपडत वाचत होता. “डा-व्या कुशीस, पाठी-मागून... वहिनी, कूस म्हणजे विमानाची की माझी?” “तुमची कूस कंपनीनं छापलीय का त्यात?” मग पुन्हा खरवडणं.

थोड्या वेळानं ते थांबलं.

“धाकटे! ती बारीक कानस कुठं ठेवलीस?”

तिचे पाय आपोआप पलंगाच्या कडेला आले. कानस खिडकीच्या खालच्या खणात, जुन्या कुंचल्यांच्या मागं होती. तोंड उघडलं असतं तरी पुरलं असतं. ती तशीच पडून राहिली.

“झोपली असेल ती, वहिनी.”

“जागी आहे. ओळखते मी.”

 घराखालून एक मोटार गेली. मग थोरलीची खुर्ची मागं सरकली.

“झोपू दे,” ती म्हणाली, आणि एकेक खण उघडून स्वतःच शोधायला लागली.